तीन युद्धं, दोन नंबर आणि डायरीचं एक कोरं पान

फेब्रुवारी २०२५ मध्ये कोथरूडला एका निवृत्त सुभेदारांचं निधन झालं. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, २४ वर्षं नोकरी, जन्मभर क्रिकेट-हॉकीचं वेड आणि निवृत्तीनंतर शबनम खांद्याला लावून देशभर भटकंती. घरात त्यांना अण्णा म्हणत, इथेही तेच नाव ठेवलं आहे. निधनवार्तेत वय ९१ छापून आलं, तेराव्याच्या फ्लेक्सवर ९०, आणि गावाकडच्या धाकट्या बहिणीचं म्हणणं, "नव्वद कुठली पुरी झाली होती त्याला?" निधनवार्तेत आणखी एक वाक्य होतं: '१९६२, १९६५ आणि १९७१ च्या तिन्ही युद्धांत सहभाग.' व्हॉट्सॲपवर फिरता फिरता चार दिवसांत त्याचं 'तिन्ही युद्धांत आघाडीवर लढले' झालं.

वर्षश्राद्धाला स्मृतिपुस्तिका काढायची, असं घरच्यांनी ठरवलं. हाताशी अकरा महिने होते. एवढा वेळ भरपूर वाटतो, पण अशा कामात पहिले तीन महिने रडण्यात आणि पेन्शनच्या कागदांत जातात आणि शेवटचा एक छापखान्यात. या कुटुंबानं एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच बरोबर केली. पहिले सहा आठवडे कुणीही 'लेख' लिहायचा नाही, आधी फक्त तारखांचा तक्ता, असं नातीनं सगळ्यांना बजावलं. तक्त्यात पाच रकाने: तारीख, घटना, पुरावा काय, सांगितलं कुणी, आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द चालणार होते: पक्की, बहुधा, ऐकीव.

सामान एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. डिस्चार्ज बुक (नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शनचा आदेश), सात पदकं, ३१ डायऱ्या, स्कोअर मांडलेल्या चार वह्या, तीन कॅसेट, दोन अल्बम आणि बाकरवडीच्या डब्यात कोंबलेली तिकिटं. १९६१ च्या आधीचं घरचं म्हणून जवळपास काहीच नाही. बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत नदीलगतच्या वाड्यात होतं, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पुरातून वाचलेल्या एकमेव फोटोवर खालून दोन बोटांवर तपकिरी रेघ आहे, पाणी तिथवर चढलं होतं. पुण्यातल्या पेठांमधल्या कुटुंबाची कागदपत्रं शोधताना ही तारीख डोक्यात ठेवावी. 'आधीचं काही कसं नाही' याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. नोकरीतली कागदपत्रं तेवढी वाचली, कारण ती अण्णांबरोबर युनिटमध्ये होती.

वयाचा घोळ सगळ्यात आधी सुटला. शाळेच्या दाखल्यावर आणि डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून १९३४. महाराष्ट्रात त्या पिढीचे निम्मे लोक एक जूनला जन्मलेले असतात, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर अंदाजानं वर्ष धरून तीच तारीख लिहून टाकायचे. त्यामुळे १ जून दिसली की तिला पुरावा मानू नये, शोधाची सुरुवात मानावी. बहिणीकडे जन्मपत्रिका निघाली: कार्तिक, शके १८५७. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९), म्हणजे १९३५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. शाई पुसट होती आणि ५ चा आकडा ३ असावा अशी शंका होती. पत्रिकेत संवत्सराचं नावही असतं, तिथे ते उपयोगी पडलं. शकात १२ मिळवून ६० नं भागलं की उरलेली बाकी हा संवत्सराचा क्रमांक. १८५७ ला बाकी ९ येते, आणि नववा संवत्सर 'युवा'. पत्रिकेत 'युवानाम संवत्सरे' स्वच्छ लिहिलेलं होतं. १८३७ असतं तर 'राक्षस' आलं असतं.

म्हणजे कागदोपत्री ९० पूर्ण, पत्रिकेप्रमाणे ८९ पूर्ण. आणि '९१'? 'वयाच्या ९१ व्या वर्षी' याचा अर्थ ९० पूर्ण होऊन ९१ वं चालू. तेवढा 'व्या' गळाला की माणूस एका वर्षानं म्हातारा होतो. भरती ऑगस्ट १९५२ ची. कागदावर अठरा वर्षं दोन महिने, खरं वय पावणेसतराच्या आसपास. थोरल्या मुलाला भीती वाटली की हे छापलं तर आईच्या फॅमिली पेन्शनला अडचण येईल. तशी ती येत नाही. ऐंशीनंतरची वाढीव पेन्शन (८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०) ज्याला पेन्शन मिळते त्याच्या नोंदलेल्या वयावर ठरते, म्हणजे आता आईच्या. पुस्तिकेत दोन्ही तारखा दिल्या, एकीला 'नोंदीप्रमाणे' म्हटलं, दुसरीला 'पत्रिकेप्रमाणे'. कोणती खरी, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आता पदकं. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक इथेच होणार होती.

सातपैकी सहा पदकांच्या कडेवर एकच नंबर होता, जेसी या अक्षरांनी सुरू होणारा. सातव्यावर वेगळाच नंबर आणि हुद्दा नाईक. ते पाहून एका नातेवाइकांनी निकाल दिला, "हे अण्णांचं नाही, चुलतभावाचं असणार, तोही फौजेतच होता." पदक बाजूला पडलं, जवळजवळ परत पाठवलं जाणार होतं. खरं तर नंबर दोन, पण माणूस एकच होता. जवान भरती होताना एक नंबर मिळतो. पुढे तो ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर झाला, म्हणजे नायब सुभेदार किंवा वर, की नवा जेसी नंबर लागतो. पदक ज्या काळातलं, त्या काळचा नंबर आणि हुद्दा साधारणपणे कडेवर येतो. दोन्ही नंबर डिस्चार्ज बुकात सापडले आणि वाद मिटला.

याच घोळात एक पत्रही अडकलं होतं. १९६४ चं, बढतीबद्दल अभिनंदनाचं, पत्ता 'जमादार' अमुकअमुक यांना. घरात कुणालाच ते अण्णांचं वाटेना. सुभेदारांना जमादार कोण म्हणेल? पण आज ज्या हुद्द्याला नायब सुभेदार म्हणतात त्याचं नाव भारतीय लष्करात १९६५ पर्यंत जमादारच होतं. म्हणजे हे पत्र जेसी नंबर कधी लागला याचा सर्वांत जवळचा पुरावा निघालं, आणि तेच रद्दीत जाणार होतं.

कडेवरची अक्षरं दीड-दोन मिलिमीटरची असतात. समोरून उजेड टाकला तर दिसत नाहीत. खोलीत अंधार करावा, टॉर्च आडवा, कडेला जवळजवळ टेकवून धरावा आणि मोबाइलच्या मॅक्रोवर पदक फिरवत सात-आठ फोटो काढावेत. सावलीमुळे अक्षरं उठून येतात. पदकं ब्रासो लावून घासू नयेत. चकचकीत होतात, पण दरवर्षी २६ जानेवारीला घासलेल्या पदकाची कड वीस वर्षांत गुळगुळीत होते, आणि कड गेली की पदक कुणाचं हे सांगणारं काही उरत नाही. या संचातल्या दोन पदकांवर शेवटचे आकडे असेच अर्धे गेले आहेत. रिबन मात्र बदलायला हरकत नाही. जुनी फेकू नये, पाकिटात ठेवावी.

मग पदकांनी काय सांगितलं? १९६५ साठी दोन वेगळी पदकं आहेत. रक्षा मेडल ५ ऑगस्ट १९६५ रोजी सेवेत असलेल्या आणि १८० दिवस सेवा झालेल्यांना मिळालं, मग तो माणूस खेमकरणच्या रणांगणावर असो की खडकीच्या ट्रेनिंग बटालियनमध्ये. प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार. अण्णांकडे रक्षा मेडल आहे, स्टार नाही. १९६२ चंही तसंच. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर 'लडाख १९६२' किंवा 'नेफा १९६२' (नेफा म्हणजे आजचा अरुणाचल) अशी पट्टी असती, तर ते त्या आघाडीवर होते असं म्हणता आलं असतं. त्यांच्या मेडलवर, त्या 'परक्या' सातव्या पदकावर, पट्टी आहे ती 'गोवा १९६१'. आणि १९७१ चं तर स्पष्टच होतं: 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', म्हणजे पूर्व आघाडी. उरलेली तीन म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक, नऊ वर्षांच्या सेवेचं आणि वीस वर्षांच्या सेवेचं. ही काळाची आहेत, लढाईची नाहीत.

इथे घाई करू नये. पदक ट्रंकेत नाही म्हणजे मिळालंच नव्हतं असं होत नाही. पदकं हरवतात, चोरीला जातात, कित्येकांनी ती घेतलेलीच नसतात. म्हणून डिस्चार्ज बुकातली पदकांची यादी पाहावी. तीही अर्धवट असेल तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावं. बॉम्बे सॅपर्सचं रेकॉर्ड ऑफिस खडकीलाच आहे. पत्र नातवाच्या नावानं न जाता पत्नीच्या नावानं गेलं तर काम सोपं होतं, कारण नातेवाईक म्हणून नोंद तिची असते. सोबत दोन्ही नंबर, हुद्दा, पीपीओ क्रमांक आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी. थेट माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज ठोकायचा मोह होतो, पण तिथे 'त्रयस्थाची खासगी माहिती' म्हणून नकार येऊ शकतो. साधं पत्र आधी. या कुटुंबानं तसंच केलं, उत्तरातली यादी ट्रंकेतल्या पदकांशी जुळली.

त्यामुळे 'तिन्ही युद्धांत आघाडीवर' हे वाक्य गेलं. त्याजागी आलं: 'गोवा मुक्ती मोहीम, डिसेंबर १९६१. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सेवेत. १९७१, पूर्व आघाडी.' थोरला मुलगा म्हणाला, "म्हणजे कमीच झालं की." कमी नाही झालं. घरच्यांनी प्रेमापोटी दोन आघाड्या वाढवल्या होत्या आणि जिथे ते खरोखर गेले होते ती मोहीम कुणाच्या गावीही नव्हती. सैनिकाच्या बाबतीत ही चूक पुन्हा पुन्हा दिसते. मोठ्या युद्धांची नावं लोकांना पाठ असतात, तीच चिकटवली जातात.

आता डायऱ्यांकडे. प्रवासाच्या नोंदी त्रोटक आहेत: गाडी, भाडं, मुक्काम, जेवण बरं-वाईट. तक्त्यात उतरवताना जुनी नावं जशीच्या तशी ठेवावीत आणि शेजारी आजचं नाव लिहावं. नेफा, मद्रास, त्रिवेंद्रम, बडोदा आणि इंग्रजी शिक्क्यावरचं किर्की, म्हणजे खडकी. नाव दुरुस्त करून टाकलं की नोंद कधीची हे ओळखायची एक खूण जाते. पण सगळा गोंधळ झाला तो एका डायरीवरून.

१९९६ ची छापील डायरी, कुठल्याशा बँकेनं वाटलेली. त्यात १५ फेब्रुवारीच्या पानावर: 'पनवेलहून कोकण रेल्वेनं मडगाव. बोगदे मोजायचे सोडून दिले. पणजीला मांडवीवर पूल. आमच्या वेळी नव्हता.' आणि त्याच डायरीत २९ फेब्रुवारीचं पान कोरं. आता २९ फेब्रुवारी १९९६ ही पुण्याच्या क्रिकेटमधली न विसरण्याजोगी तारीख. विश्वचषकात नेहरू स्टेडियमवर केनियानं १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजला ९३ मध्ये गुंडाळलं. अण्णा हा सामना आपण मैदानात बसून पाहिल्याचं हजारदा सांगत. धाकट्या मुलाचं म्हणणं, "एवढा सामना पाहिला आणि डायरीत अक्षर नाही? टीव्हीवर पाहिला असणार."

उत्तर १५ फेब्रुवारीच्या पानावरच होतं. छापील वार 'गुरुवार' पेन्सिलनं खोडून वर बारीक अक्षरात 'रवि' लिहिलेलं. १५ फेब्रुवारीला रविवार १९९८ मध्ये येतो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला, १९९६ मध्ये पनवेलहून मडगावला सलग जाताच आलं नसतं. अण्णांनी १९९६ ची कोरी राहिलेली डायरी १९९८ मध्ये वापरायला काढली होती. फुकट मिळालेली डायरी वाया कशी घालवायची, हा पेठी हिशेब! आणि २९ फेब्रुवारीचं पान कोरं, कारण १९९८ मध्ये ती तारीखच नव्हती. सामना न पाहिल्याचा पुरावा म्हणून जे पान पुढे आलं, त्यानं फक्त डायरी लीप वर्षात लिहिलेली नाही एवढंच सिद्ध केलं.

सामन्याचा खरा पुरावा स्कोअरच्या वहीत मिळाला. पेन्सिलचे ठिपके, चेंडूगणिक, लाराच्या नावापुढे ८, आणि पानाला डिंकानं चिकटवलेलं तिकिटाचं अर्धुक. ठिपके टीव्हीसमोर बसूनही मांडता येतात, अर्धुक मात्र गेटवर फाडल्याशिवाय हातात येत नाही. खात्री: पक्की. जुन्या डायऱ्या वापरणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. वर्षाचा आकडा मुखपृष्ठावरून उचलण्याआधी खोडलेले वार, सणांच्या तारखा, ग्रहणं, भाडी तपासून घ्यावीत.

१५ फेब्रुवारीच्या त्या चार वाक्यांमुळे आणखी एक गोष्ट हाती लागली. ३१ डायऱ्यांत गोवा मोहिमेचा उल्लेख एवढाच आहे: 'आमच्या वेळी नव्हता.' पदकाच्या पट्टीशी तो जुळतो, आणि छत्तीस वर्षांनी माणूस तिथे का गेला हेही थोडंफार कळतं. पुस्तिकेत हे पान स्कॅन करून पूर्ण पानभर छापलं, खाली दोन ओळींची टीप. सहली कशा अविस्मरणीय होत्या यावर पाहुण्यांनी लिहून पाठवलेल्या मजकुरापेक्षा ते पान सरस आहे, असं आमचं स्पष्ट मत.

सगळंच असं सुटत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ कमी असताना पाहुणा संघ मधल्या सुट्टीनंतर मैदानात उतरलाच नाही. अण्णा म्हणत, आपण तिथे होतो, लोक वाट पाहत बसले आणि शेवटी घरी गेले. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे ते पुण्याच्या शाळेत आले जून १९४९ मध्ये, त्याआधी खेड तालुक्यातल्या गावी. तेरा वर्षांचा मुलगा मामाबरोबर पुण्यात आला असेलही. सांगण्यातले तपशील बरोबर आहेत, पण ते नंतर शेकडो वेळा छापूनही आले आहेत, म्हणून तपशील बरोबर असणं हा इथे पुरावा धरता येत नाही. बहीण म्हणते गेला होता, रजिस्टर गप्प आहे. तक्त्यात 'ऐकीव', आणि पुस्तिकेत 'ते सांगत असत' या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद. ही गोष्ट गाळायची सूचना आली होती, ती मानली नाही. माणूस कोणत्या गर्दीत आपण होतो असं समजतो, हाही त्याच्या आयुष्याचा भाग आहे. फक्त त्यापुढे सन आणि साक्षीदार लावू नयेत.

कॅसेटींचं काम थोडक्यात. माळ्यावर राहिल्यानं एकीच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीत जाते. ती वेगळी काढून जाणकाराकडे दिली. उरलेल्या दोन, साठ-साठ मिनिटांच्या, आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून उतरवल्या. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. १५ मार्च १९७५ चा हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामना, पाकिस्तानवर २-१, रेडिओला कान लावून ऐकल्याचं वर्णन तिथे सलग अकरा मिनिटं आहे. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास गेले. 'म्हंजे', 'ते काय व्हतं' हे बोल तसेच ठेवले. गावची बोली दुरुस्त करणाऱ्या काकांना बाकी सगळी मदत करू दिली, ही नाही.

अल्बम ऐंशीच्या दशकातला, चिकट पानांचा, वर पारदर्शक कागद. फोटो ओढून काढला की फाटतो. दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवला की बहुतेक सुटतात. जे सुटले नाहीत ते पानासकट स्कॅन केले. ६०० डीपीआय, टिफ, ६ बाय ४ चा फोटो साधारण २६ एमबी. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो छपाईच्या कामाचे नव्हते, तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवावे लागले. तिकिटांत एसटीच्या पेटीतली जुनी पंच केलेली रंगीत तिकिटं शाबूत आहेत आणि अलीकडची मशिनची तिकिटं पांढरीफटक, कारण तो थर्मल कागद. थर्मल तिकीट हाती आलं की त्याच दिवशी फोटो काढावा. गरम लॅमिनेशन केलंत तर ते क्षणात काळं होतं, इथे एक झालंच.

पुस्तिका डेमी आकाराची, ६४ पानं म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्मे, आत ९० जीएसएम मॅपलिथो, फोटोंचा फॉर्मा १३० जीएसएम आर्ट पेपरवर, २०० प्रती, मधोमध पिना. छापखान्यानं युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवला तेव्हा 'पंचविसाव्या'तला 'व्या' सुटा पडला आणि 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' झाला. म्हणून मूळ फाइल वाचून भागत नाही, शेवटचं प्रूफ छापखान्याच्या पीडीएफवर वाचावं, तेही आकडे एकानं मोठ्यानं वाचत आणि दुसऱ्यानं तक्त्यावर बोट ठेवत. असं वाचताना दोन चुका सापडल्या. एक निसटली: पान ४१ वरच्या हॉकी संघाच्या फोटोखाली मागून दुसऱ्या रांगेतले म्हणून दाखवलेले अण्णा नाहीत, ते पुढे बसलेले, गुडघ्यावर स्टिक ठेवलेले. दापोडीच्या एका जुन्या सोबत्यानं प्रत हातात पडताच फोन करून सांगितलं. दीड इंच रुंद शुद्धिपत्राच्या पट्ट्या कापून उरलेल्या १३० प्रतींत सरकवल्या. गेलेल्या ७० प्रतींच्या घरी पोस्टानं पाठवल्या.